घरी आई सांगेल, असं म्हणणाऱ्यांना

प्रति,
महाराष्ट्रातील बालगृहं, आश्रमशाळा, मुलामुलींची वसतिगृहं आणि ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठीची हंगामी वसतिगृहं चालवणाऱ्या संस्थांचे अध्यक्ष, सचिव, विश्वस्त आणि कार्यकारिणीतील सर्व मंडळींस,

विषय : तुमच्या छपराखाली वाढणाऱ्या मुलांना शरीराविषयी कोणी सांगायचं, याबद्दल

स. न. वि. वि.

मी परिचारिका होते. निवृत्तीनंतर किशोरवयीन मुलींचे वर्ग घेते, बोलावलं तर मुलांचेही. तुमच्यापैकी काहींच्या संस्थांत येऊन गेले आहे. स्वागत छान होतं. मग वर्ग सुरू होण्याआधी कार्यालयात बोलावणं येतं आणि कुणीतरी ज्येष्ठ विश्वस्त आवाज खाली आणून सांगतात, "बाई, स्वच्छतेवर बोला, आहारावर बोला, हिमोग्लोबिनवर बोला. बाकीचं त्यांना घरी आई सांगेल."

हे वाक्य ज्या टेबलामागून बोललं जातं, त्याच टेबलावर पुष्कळदा प्रवेशाची नोंदवही असते. बालगृहाच्या वहीत आईच्या नावापुढे 'मयत' किंवा 'ठावठिकाणा नाही' असं लिहिलेलं असतं. आश्रमशाळेतल्या मुलीला आई असते, पण ती पाड्यावर असते आणि मुलगी दिवाळीला आणि उन्हाळ्याच्या सुट्टीतच घरी जाते. ऊसतोडीची आई सहा महिने फडावर असते, पहाटे कोयता हातात घेते, आणि मुलीशी बोलायला तिच्यापाशी असतो तो मुकादमाच्या फोनवरचा दोन मिनिटांचा वेळ. 'घरी आई सांगेल' ही सबब शहरातल्या शाळेने दिली तर निदान ऐकून तरी घेता येते. तुम्ही ती देऊ शकत नाही. त्या मुलांच्या बाबतीत घर तुम्हीच आहात.

हे मी एका बाईंच्या आयुष्याच्या आधाराने मांडणार आहे. डॉ. रूथ वेस्टहायमर. अमेरिकेत लहानथोर त्यांना 'डॉक्टर रूथ' म्हणत. १२ जुलै २०२४ रोजी न्यूयॉर्कमध्ये, ९६ व्या वर्षी त्या गेल्या. रेडिओ-टीव्हीवर लैंगिक प्रश्नांना बेधडक उत्तरं देणारी, जेमतेम साडेचार फुटांची, जर्मन हेलात बोलणारी आजी, एवढीच त्यांची ओळख आपल्याकडे पोहोचली आणि तीही थोड्यांपर्यंत. त्या दहाव्या वर्षी निर्वासित झाल्या आणि पुढची साडेसहा वर्षं बालगृहात वाढल्या, हे त्या ओळखीत बसत नाही. मला मात्र त्यांच्या कीर्तीपेक्षा ती साडेसहा वर्षं जास्त महत्त्वाची वाटतात.

त्यांचं जन्मनाव कारोला रूथ सीगल. जन्म ४ जून १९२८, बव्हेरियातल्या व्हीझेनफेल्ड गावचा, वाढल्या फ्रँकफुर्टमध्ये. सनातनी ज्यू घर, एकुलती एक मुलगी, घरात आजी. वडिलांचा शिवणाच्या किरकोळ वस्तूंचा घाऊक व्यापार. दर शुक्रवारी ते लेकीला सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनामंदिरात, नेत आणि वाटेत आइस्क्रीम खाऊ घालत. घरातल्या एका कपाटात वर, कुलपात, एका डच डॉक्टरने विवाहितांसाठी लिहिलेलं पुस्तक ठेवलेलं होतं. पोरीने किल्ली शोधली, चढून ते काढलं आणि वाचलं. (उंची तेव्हाही बेताचीच, म्हणजे चढावं बरंच लागलं असणार.) तेव्हा बाकी कुणीच तिला काही सांगितलेलं नव्हतं. पुढे सांगणारं कुणी उरणारही नव्हतं.

नोव्हेंबर १९३८ मध्ये जर्मनीभर सिनेगॉगं जाळली गेली, ज्यूंची दुकानं फोडली गेली. आठवड्याभरात नाझी माणसं वडिलांना घरातून घेऊन गेली. आजीने त्यांच्या हातावर पैसे ठेवले, माझ्या मुलाला नीट सांभाळा म्हणाली. मुलगी खिडकीत उभी होती. वडिलांनी खालून वर पाहिलं, हात हलवला आणि ते हसले. स्वित्झर्लंडने तेव्हा सुमारे तीनशे ज्यू मुलांना तात्पुरता आश्रय देण्याचं कबूल केलं होतं. रूथला जायचं नव्हतं. बाबा सुटून यायचे असतील तर तुला गेलंच पाहिजे, असं तिला समजावण्यात आलं. ५ जानेवारी १९३९ ला आई आणि आजी स्टेशनावर आल्या. डब्यात शंभरेक मुलं, बरीच रडणारी. रूथने त्यांना गाणी म्हणायला लावली. बरोबर आणलेली बाहुली तिने एका लहानग्या मुलीला देऊन टाकली, कारण ती आपल्यापेक्षा जास्त रडत होती.

आई, वडील, आजी, यांतलं कुणीही तिला पुन्हा दिसलं नाही. पत्रं सप्टेंबर १९४१ पर्यंत येत राहिली. त्यानंतर आई-वडिलांना पोलंडमधल्या वूच शहराच्या ज्यू वस्तीत हद्दपार केलं गेलं, हे पुढे कळलं. आई-वडिलांनी आपल्याला दोनदा जन्म दिला, असं रूथबाई म्हणत. दुसऱ्यांदा, त्या आगगाडीत बसवून.

आता बालगृहाकडे येते. पत्राचं कारण ते आहे.

स्वित्झर्लंडच्या पूर्वेकडे, बोडन सरोवराच्या वरच्या अंगाला हायडन नावाचं गाव आहे. हवा उत्तम, देखावा उत्तम. तिथल्या एका बालगृहात या मुलांना ठेवलं. सहा महिन्यांसाठी आलेली मुलं युद्ध संपेपर्यंत तिथंच राहिली, कारण परत जायला घर राहिलं नव्हतं. या देशाचे उपकार थोर खरेच. त्याच वेळी हेही सांगायला हवं की जर्मन ज्यूंच्या पासपोर्टवर 'जे' अक्षराचा शिक्का मारण्याची पद्धत १९३८ मध्ये स्विस आणि जर्मन सरकारांच्या वाटाघाटींतूनच आली, आणि १९४२ च्या ऑगस्टमध्ये स्वित्झर्लंडने ज्यू निर्वासितांना सरहद्द बंद केली. आश्रय देणारे हात कधी कधी दुसऱ्या दारी कडीही लावत असतात. असो.

हायडनमध्ये मुलं जगली. ही गोष्ट लहान नाही. रूथबाईंनी ती कधी लहान केली नाही. न्यायला कुणी आलं नाही, मारायलाही कुणी आलं नाही, दोन वेळचं जेवण होतं, अंथरूण होतं. पण निर्वासित मुलींनी घरकाम करायचं, फरशा पुसायच्या, तिथल्या लहान स्विस मुलांना सांभाळायचं, असा रिवाज होता. आठवीच्या पुढे शिकायची मुभा मुलांना होती, मुलींना नव्हती. मुलींना घरकामाचं प्रशिक्षण. म्हणजे मोलकरीण होण्याचं. त्याचं रीतसर प्रमाणपत्र रूथला मिळालं. पुढे आयुष्यभर, कोलंबिया विद्यापीठाची पदवी भिंतीवर असतानाही, आपल्याकडे मोलकरणीचं स्विस प्रमाणपत्र आहे हे ती बाई हसत हसत सांगायची. हसायला माणूस मोठा व्हावा लागतो; तेराव्या-चौदाव्या वर्षी ते हसण्यावारी गेलं नव्हतं. तिथलाच एक मुलगा माध्यमिक शाळेत जात होता. तो रात्री आपली पुस्तकं तिला द्यायचा. दिवे मालवल्यावर जिन्यात थोडा उजेड असे. त्या उजेडात ती शिकली, आणि सकाळी पुस्तकं परत.

आणि तिथंच, कपाटातल्या पुस्तकावर शिकलेली ही पोर बाकीच्या मुलींना मासिक पाळी म्हणजे काय ते सांगू लागली. त्याबद्दल तिला बोलणी खावी लागली.

विश्वस्तहो, इथं थोडं थांबा. पन्नासेक मुलं, त्यांत वयात येणाऱ्या मुली, आई कुणाचीच जवळ नाही, बहुतेकींची पुढे कधीच येणार नाही. त्या मुलींना रक्त दिसलं की काय वाटत असेल? त्यांना सांगायचं काम संस्थेने केलं नाही. ज्या मुलीने केलं, तिला संस्थेने गप्प केलं. संचालक दुष्ट होते असं मी म्हणत नाही. ते शिस्तीचे, धर्मभीरू, दात्यांच्या पैशाचा हिशेब नीट ठेवणारे लोक असतील. तुमच्यासारखेच. आपलं काम जीव वाचवण्याचं, ते आपण करतो आहोत, बाकीच्या गोष्टी मागाहून, असं त्यांना मनापासून वाटत असेल. मुलीचं वय मात्र मागाहूनची वाट पाहत नाही.

पुढचा प्रवास मी भराभर सांगते. १९४५ मध्ये सतराव्या वर्षी ती पॅलेस्टाइनला गेली. कारोला हे नाव फार जर्मन वाटतं म्हणून ते मागे टाकलं आणि रूथ झाली. हागाना या ज्यू सैनिकी संघटनेत नेमबाजीचं शिक्षण घेतलं. १९४८ च्या युद्धात, नेमकी विसाव्या वाढदिवशी, स्फोटात दोन्ही पाय जबर जखमी झाले. जेरुसलेममध्ये ती बालवाडीची शिक्षिका झाली. मग पॅरिस : तिथं बालवाडीत शिकवायचं आणि सोर्बोन विद्यापीठात मानसशास्त्र शिकायचं. हायस्कूल झालेलं नसताना हे जमवावं लागलं, हे विसरू नका. हायडनच्या नियमाची किंमत ती तिशीपर्यंत फेडत होती. १९५६ मध्ये न्यूयॉर्क. तासाला डॉलरभर मजुरीवर लोकांच्या घरची कामं केली, म्हणजे ते प्रमाणपत्र कामी आलं म्हणायचं. पदरात लहान मुलगी, नवरा नाही, आणि रात्रीच्या वर्गांना जाऊन न्यू स्कूलमधून समाजशास्त्राची एम. ए. पदवी. पुढे मानफ्रेड वेस्टहायमर या निर्वासित इंजिनिअरशी लग्न झालं आणि ते टिकलं.

१९६० च्या दशकाच्या शेवटी त्यांना न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात, कुटुंबनियोजनाचं काम करणाऱ्या संस्थेत नोकरी लागली. बायकांच्या मुलाखती घेणाऱ्या कार्यकर्त्यांना शिकवायचं, हे काम. सुरुवातीला त्या स्वतःच चक्रावल्या, की ही माणसं दिवसभर दुसरं काही बोलतच नाहीत. दोन-चार दिवसांत लक्षात आलं की बोलायला हवं ते हेच. १९७० मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमधून त्यांनी डॉक्टरेट मिळवली. ती वैद्यकातली नव्हती, शिक्षणशास्त्रातली होती. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण तुमच्याकडे आले की दुसरं वाक्य ऐकू येतं : "या विषयासाठी आम्ही डॉक्टरच आणू." जरूर आणा. डॉक्टर वर्षातून एकदा येतील, फळ्यावर आकृती काढतील, चाळीस मिनिटांत जातील. रूथबाई आयुष्यभर सांगत, मी वैद्य नाही, दुखणं असेल तर डॉक्टरकडे जा. त्यांनी केलं ते बालवाडीच्या बाईचं काम : मूल काहीही विचारेल, दचकायचं नाही, ओरडायचं नाही, त्याला कळेल एवढं आणि खरं सांगायचं.

तो प्रसिद्ध कार्यक्रम सुरू झाला सप्टेंबर १९८० मध्ये. न्यूयॉर्कच्या रेडिओ केंद्रांवरच्या लोकांपुढे रूथबाईंनी भाषण केलं होतं, की नको असलेली गर्भारपणं टाळायची तर तुम्ही या विषयावर काहीतरी ऐकवलं पाहिजे. एका केंद्राच्या अधिकारी बाईंनी ते मनावर घेतलं. रविवारी मध्यरात्रीनंतरची पंधरा मिनिटं मिळाली. कुणाला त्रास होऊ नये म्हणून ती वेळ! आठवड्याला पंचवीस डॉलर मानधन. आधी पत्रांना उत्तरं, मग वर्षभरात तासाभराचा थेट कार्यक्रम, लोक फोन करू लागले. १९८३ पर्यंत दर आठवड्याला अडीच लाख लोक तो ऐकत होते. बावन्न वर्षांच्या, कधीही नटी न वाटलेल्या बाईचा हा कार्यक्रम.

लोक का ऐकत असतील? मला वाटतं, तिन्ही कारणं सरळ आहेत. फोन करणाऱ्याचा चेहरा दिसत नव्हता. बाई अवयवांना त्यांच्या नावाने हाक मारत होत्या, जसं कोपराला कोपर म्हणावं तसं. आणि त्या हसवत होत्या. विनोदातून शिकवलेला धडा लक्षात राहतो, हे तालमूद या ज्यू धर्मग्रंथाच्या परंपरेतलं सांगणं त्या आवर्जून वापरत. पण हसता हसता नियम कडक होते. संमतीशिवाय काही नाही, गर्भनिरोधकाशिवाय काही नाही. १९८१ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत एड्सच्या पहिल्या रुग्णांची नोंद झाली आणि पुढची काही वर्षं सरकारी तोंडं बंद असताना ही आजी निरोधबद्दल रेडिओवर बोलत होती. लोकांना बिघडवते म्हणून शिव्याही खात होती.

बिघडवते. हा शब्द आपल्याही ओळखीचा.

आपल्याकडे हे काम रूथबाईंच्या जन्माआधीच सुरू झालं होतं. रघुनाथ धोंडो कर्वे १९२१ पासून मुंबईत संततिनियमनाचं केंद्र चालवत होते आणि १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक काढत होते. तेही पॅरिसला शिकून आलेले. गेले होते गणितासाठी. संततिनियमनाच्या कामापायी प्राध्यापकी गेली, अश्लीलतेचे खटले झाले, दंड भरावे लागले. १९३४ च्या खटल्यात त्यांच्या बाजूने उभे राहिलेले वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. आणि हे रघुनाथ कुणाचे चिरंजीव? ज्यांनी १८९६ मध्ये पुण्यात अनाथ बालिकाश्रम काढला, त्या धोंडो केशव कर्व्यांचे. वडिलांनी विधवा-अनाथ मुलींना छप्पर दिलं आणि शिकवलंही, शिकवून शिक्षिका केलं. त्याच काळात पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळातून मुली उचलून केडगावला आणल्या आणि त्यांना छापखाना, हातमाग, अध्यापन शिकवलं. म्हणजे आश्रितांच्या हाती पुढचं आयुष्य देणाऱ्या संस्था महाराष्ट्राला नव्या नाहीत. मुलाने मात्र जे सांगितलं ते वडिलांच्या परंपरेतल्या संस्थांनी आजतागायत आत येऊ दिलेलं नाही. आपल्याकडे वडिलांच्या नावाने सभागृहं आहेत; मुलाचं नाव निघालं की सभा इकडेतिकडे बघू लागते.

पुढे २००७ मध्ये शाळांतल्या किशोरवयीन शिक्षणाच्या सरकारी कार्यक्रमावरून विधिमंडळात गदारोळ झाला आणि तो महाराष्ट्रात थांबवला गेला. 'आपल्या संस्कृतीत बसत नाही' हे कारण. २०१८ मध्ये अस्मिता योजना आली, जिल्हा परिषदेच्या शाळांतल्या मुलींना पाच रुपयांत आठ पॅड. चांगली योजना. पण पॅड हातात देऊन ते कशासाठी हे न सांगण्याचा चमत्कार आम्ही पुष्कळ ठिकाणी पाहिला. अजूनही मुलीला 'कावळा शिवला' एवढंच कळतं, आणि कावळ्याने नेमकं काय केलं हे कुणी सांगत नाही.

मी वर्गात एक खोका ठेवते, वर फट पाडलेली. त्यात चिठ्ठी टाकायची, नाव लिहायचं नाही. मागून मी चिठ्ठ्या काढून एकेक वाचते आणि उत्तर देते. रेडिओवर फोन करणाऱ्याचा चेहरा लपायचा, इथं अक्षर तेवढं दिसतं. चिठ्ठ्यांत असतं ते असं : छातीत गाठ आली आहे, दुखते, मला कॅन्सर आहे का? (अकरा वर्षांची मुलगी, स्तनांची वाढ सुरू झाली की असं दुखतं, आणि ती कित्येक महिने मरणाची वाट पाहत होती.) मुलगा शेजारी बसला तर दिवस जातात का? पाळी बंद करायची गोळी खाल्ली तर जत्रेला जाता येईल का? मुलांच्या वसतिगृहात निम्म्या चिठ्ठ्या झोपेतल्या वीर्यपाताच्या असतात. त्या मुलांचं शिक्षण एसटी स्टँडच्या भिंतीवरच्या 'गुप्तरोग तज्ज्ञ' जाहिरातींनी केलेलं असतं आणि आपल्याला नपुंसकत्व येणार याची त्यांना खात्री असते. पंधरा वर्षांचा पोरगा हे ओझं घेऊन दहावीला बसतो. त्याला आई सांगेल?

एकदा एका संस्थेत खोक्यातून एक वेगळी चिठ्ठी निघाली. सुट्टीत घरी गेल्यावर नात्यातला एक माणूस काय करतो ते दोन ओळींत लिहिलेलं, आणि शेवटी प्रश्न : हे सगळ्यांच्याच घरी असतं का? कायद्याप्रमाणे जे करायचं ते मी केलं. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यात असं कळल्यावर गप्प बसणं हाच गुन्हा आहे. त्यानंतर त्या संस्थेने मला कळवलं की वर्ग चालू ठेवा, खोका नको. संस्थेचं नाव मी इथं घेणार नाही. आपलीच की काय अशी शंका तुमच्यापैकी चार-पाच जणांना आली, तर येऊ द्या.

तुमच्या भिंतींवर १०९८ चा चाइल्डलाइनचा फलक लावलेला असतो. पण फोन उचलून मुलीने बोलायचं काय? जिला शरीराच्या त्या भागाचं नाव घेणं हाच अपराध वाटतो, ती तक्रार कोणत्या तोंडाने करणार? २०१६ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या एका आश्रमशाळेतलं मुलींवरच्या लैंगिक अत्याचाराचं प्रकरण राज्यभर गाजलं, तेव्हा सगळ्यांनी विचारलं, मुलींनी आधीच का सांगितलं नाही? विचारणाऱ्यांत असे लोकही होते ज्यांनी आयुष्यात कधी मुलींना 'हे सांगायचं असतं' असं सांगितलं नव्हतं. आणि अज्ञान वयाबरोबर संपत नाही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांनी ऐन तिशीत 'पिशवी काढली' त्याची चौकशी करायला २०१९ मध्ये राज्य सरकारला समिती नेमावी लागली. पिशवी काय करते, ती काढल्याने काय होतं, हे त्या बायकांना शाळकरी वयात कुणी सांगितलं असतं तर निदान डॉक्टरला चार प्रश्न तरी विचारले असते. त्यांच्या लेकी आज तुमच्या हंगामी वसतिगृहात आहेत.

"सांगितलं की मुलं नको ते करतात" हे तुमचं तिसरं वाक्य. तुमच्या शिपायाच्या, स्वयंपाकिणीच्या, अधीक्षकाच्या मोबाईलवर काय दिसतं ते मुलांना माहीत आहे. न सांगण्याचा पर्याय आता शिल्लकच नाही. कुणी सांगायचं एवढंच तुमच्या हातात आहे. फ्रँकफुर्टच्या त्या घरात कुलपातलं पुस्तक निदान एका डॉक्टरने लिहिलेलं होतं. आजच्या मुलाला कुलूप उघडल्यावर जे सापडतं ते तसं नसतं.

हायडनचा दुसरा नियमही, मुलींना घरकामच शिकवण्याचा, तुमच्याकडे वेगळ्या नावाने हजर आहे, तो सांगायचा राहू नये. तुमच्या मुलींच्या बालगृहांत शिवण, मेंदी, ब्युटी पार्लर, अगरबत्ती. देणगीदार आले की मुलींनी केलेल्या वस्तूंचं प्रदर्शन. 'पायावर उभी राहील' हे कारण. शिवणाला मी नावं ठेवत नाही, माझ्या आईने मशीन चालवूनच आम्हाला शिकवलं. पण गणितात बरी असलेल्या मुलीला अकरावीला विज्ञान शाखा देताना "एवढा खर्च कशाला, अठरा पूर्ण झाली की जायचंच आहे" असं म्हणताना मी ऐकलं आहे. बाल न्याय कायद्यात अठरानंतर एकवीसपर्यंत अनुरक्षणाची, म्हणजे संस्थेतून बाहेर पडल्यावरच्या आधाराची, तरतूद आहे. राज्याने २०१८ मध्ये अनाथांना शिक्षणात आणि नोकरीत एक टक्का आरक्षण दिलं. ते आरक्षण घ्यायला मुलगी बारावीच्या पुढे तर जायला हवी ना? त्यासाठी लागणारं अनाथ प्रमाणपत्र वेळेत काढून देणं हे तुमच्या कार्यालयाचं काम आहे.

म्हणून माझं मागणं असं आहे. राहत्या अधीक्षिकेला, अधीक्षकाला, स्वयंपाकिणीलासुद्धा या विषयाचं प्रशिक्षण द्या, कारण रात्री दोन वाजता रक्त बघून घाबरलेली मुलगी त्यांच्याच दारावर थाप मारते. हे प्रशिक्षण घेतलेली निदान एक बाई प्रत्येक निवासी ठिकाणी हवी. मुली दहा वर्षांच्या झाल्या की बोलायला सुरुवात करा, पाळी आल्यावर नव्हे. मुलांना वगळू नका. महिन्यातून एक तास वेळापत्रकात ठेवा, त्याला 'व्यक्तिमत्त्व विकास' म्हणायचं असेल तर म्हणा, मला नावाशी देणंघेणं नाही. वाचनालयाच्या कपाटात शरीरशास्त्राची दोन-चार सोपी मराठी पुस्तकं ठेवा आणि कपाट उघडं ठेवा. एखादी मुलगी इतर मुलींना माहिती देताना सापडली तर तिला कार्यालयात बोलवाच, पण ओरडायला नको. तिला आणखी पुस्तकं द्या. ती पुढे काय होईल ते तुम्हाला ठाऊक नाही, हायडनच्या लोकांनाही नव्हतं.

जूनमध्ये शाळा उघडायच्या आत तुमच्या कर्मचाऱ्यांसाठी दोन दिवसांचं शिबिर घ्यायला मी आणि माझ्या काही निवृत्त सहकारी यायला तयार आहोत. मानधन नको, एसटीचं तिकीट आम्ही काढू. मुलांच्या वर्गात तो खोका असेल, आणि त्याची किल्ली तुमच्या कार्यालयात राहणार नाही, एवढी एकच अट आहे.

आपली,
एक निवृत्त परिचारिका